वर्कशॉपची जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय थोडा वेगळा आहे आणि पत्र लांबलंय, तरी छापाल अशी आशा आहे. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयानं जागा पुरत नाही म्हणून कपाटं रिकामी केली, आणि त्यात पहिल्यांदा काय गेलं तर तांत्रिक पुस्तकं. कादंबऱ्या राहिल्या, चरित्रं राहिली, धार्मिक सगळं राहिलं, पण लेथ (धातू गोल फिरवत कापायचं मशीन) कसा चालवायचा, ओतकाम, सुतारकाम, वायंडिंग, रेडिओ दुरुस्ती असली इंग्रजी-मराठी पुस्तकं किलोच्या भावानं गेली. चौकशी केली तर म्हणाले ही पुस्तकं कोणी नेत नाही आणि आता हे सगळं यूट्यूबवर मिळतंच. पहिलं कारण खरं असेल. दुसरं मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या गावांतही असंच चाललेलं असणार.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली टूल्स आणि साचे बनवायच्या विभागात, नोकरी केली, आता रिटायर आहे. घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये लहान लेथ, बेंच, व्हाइस आणि एक छोटी भट्टी एवढा संसार आहे. माझ्यासारखे हौशी लोक कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, पुणे, नाशिक सगळीकडं आहेत, कोणी वाफेची इंजिनं करतं, कोणी घड्याळं, कोणी दुर्बिणी, कोणी नुसतीच टूल्स बनवतं, आणि यातला जवळपास प्रत्येक जण जुन्या पुस्तकांच्या मागं असतो. घरच्यांना वाटतं हे जुन्याचं वेड आहे. माझ्या मते कारण अगदी व्यवहाराचं आहे. वस्तू बनवायची कशी हे आजकाल कुठंही बघायला मिळतं, पण बनवलेली वस्तू बरोबर झाली की नाही हे घरच्या घरी, महागडं मोजमापाचं साधन नसताना कसं तपासायचं, हे जुन्या पुस्तकांत जेवढं नीट सांगितलंय तेवढं मला दुसरीकडं सापडलेलं नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण दुर्बिणीच्या आरशाचं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं छोटं गाव आहे, मशीन टूल्सच्या कारखान्यांचं गाव. तिथं जोन्स अँड लॅमसन नावाची लेथ बनवणारी कंपनी होती, जेम्स हार्टनेस तिचे प्रमुख, आणि तिथंच रसेल पोर्टर हा माणूस नोकरीला होता, जो आधी आर्क्टिकच्या मोहिमांवर जाऊन आला होता आणि चित्रकलेत एकदम तयार होता. १९२० साली पोर्टरनं गावातल्या लोकांचा एक वर्ग घेतला, त्यात बहुतेक कारखान्यात काम करणारीच माणसं, आणि त्यांना स्वतःच्या हातानं काच घासून आरसा आणि दुर्बीण करायला शिकवलं. १९२३ मध्ये त्यांचा क्लब झाला, गावाजवळच्या टेकडीवर त्यांनी स्टेलाफेन नावाचं क्लबहाऊस बांधलं. सायंटिफिक अमेरिकन मासिकाचे एक संपादक अल्बर्ट इंगॉल्स यांना हे कळलं, ते गेले, बघितलं, १९२५ च्या नोव्हेंबरच्या अंकात लेख लिहिला आणि वाचकांच्या मागणीवरून १९२६ मध्ये पुस्तक आलं, पुढं त्याचे तीन खंड झाले. त्या पुस्तकावरून जगभर किती जणांनी स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, पिंपाभोवती फिरत फिरत आरसे घासलेत त्याला मोजदाद नाही.

आता बघा, काम काय असतं. सहा इंचाच्या दोन जाड काचेच्या चकत्या. एक खाली पक्की बसवायची, दुसरी वर, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची चकती मागंपुढं घासत राहायची, थोड्या थोड्या वेळानं ती फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती सरकायचं. वरची चकती जेव्हा खालच्या कडेबाहेर जाते तेव्हा तिच्या मध्यावर दाब जास्त येतो, म्हणून वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची तेवढीच फुगीर. कुठलंही मशीन नाही आणि तरी गोलाचा तुकडा तयार होतो, कारण दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर सरकून सगळीकडं टेकायचे असतील तर त्यांना गोलाचाच आकार घ्यावा लागतो. चार फूट फोकल लेंग्थच्या (म्हणजे ताऱ्याचा प्रकाश चार फुटांवर एकवटणाऱ्या) आरशाला मधे साधारण १.२ मिलिमीटर खोली लागते. मग बारीक, अजून बारीक पूड, मग राळेचा लॅप, म्हणजे राळेचा थर दिलेली चकती, आणि पॉलिश. इथपर्यंत कोणीही चिकाटीचा माणूस जातो.

खरी मेख पुढं आहे. गोलाचा तुकडा चालत नाही, पॅराबोला (दूरचा प्रकाश एका बिंदूत आणणारा, गोलापेक्षा किंचित वेगळा आकार) लागतो, आणि या आकाराच्या आरशात दोन्हींमधला फरक कडेला मायक्रोनच्या (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. टूलरूममध्ये आमचा चांगला मायक्रोमीटर एक मायक्रोनपर्यंत वाचायचा, आणि तोसुद्धा पॉलिश केलेल्या काचेला लावायचा नाही. वर आरसा चांगला म्हणायचा तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशाच्या लहरीच्या आठव्या भागाइतका, म्हणजे ०.०७ मायक्रोनच्या आसपास बरोबर पाहिजे. घरात बसून हे कोण मोजणार? तर त्या पुस्तकांत लिहिलंय, लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५८ च्या सुमारास काढलेली युक्ती वापरा. एक दिवा घ्या, त्यावर पत्र्याचं आवरण, पत्र्याला सुईनं बारीक भोक. आरसा उभा करा, त्यापासून आठ फुटांवर हा दिवा आणि शेजारी दाढीचं ब्लेड. आरशावरून परत येणारा प्रकाश जिथं एका बिंदूत येतो तिथं ते ब्लेड हळूच आडवं आणायचं आणि त्याच्या मागून आरशाकडं बघायचं. सगळा आरसा एकदम एकसारखा काळवंडला तर गोल बरोबर आहे, त्यावरून पुढं पॅराबोला करायचा. नाहीतर आरशावर टेकड्या आणि खड्डे दिसतात, अक्षरशः उजेड सावलीत दिसतात, आणि कुठं किती घासायचं ते कळतं. त्या वेळी हे लोक रॉकेलच्या दिव्यावर हे करायचे! ब्लेड आणि दिव्यानं मायक्रोनच्या शंभराव्या हिश्शाच्या गोष्टी. मी पहिल्यांदा ती सावली बघितली तेव्हा पुस्तक घेऊन परत तोच परिच्छेद वाचला, सगळं तसंच्या तसं लिहिलेलं होतं, बोट आरशाला एक मिनिट टेकवलं तर काच तेवढ्यापुरती गरम होऊन तिथं उंचवटा दिसतो हेही.

या पोर्टरबद्दल अजून एक सांगतो. टूलरूममध्ये काम केलेल्या लोकांना प्रोफाइल प्रोजेक्टर माहीत असतो, जॉबची (बनवलेल्या भागाची) सावली मोठी करून पडद्यावर टाकायची आणि ड्रॉइंगशी ताडून बघायची. स्क्रूचे आटे तपासायला असा ऑप्टिकल कंपॅरेटर हार्टनेस आणि पोर्टर या दोघांनीच मिळून तयार केला. म्हणजे रात्री आरसा सावलीत तपासणारा माणूस दिवसा कारखान्यात आटे सावलीत तपासत होता. आयुष्यभर मी त्या प्रकारच्या मशीनवर काम केलं आणि हे मला नोकरीत कोणी सांगितलं नाही, दुर्बिणीच्या नादात वाचलं तेव्हा कळलं. पुढं १९२८ मध्ये पोर्टरला कॅलिफोर्नियात बोलावलं आणि पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीची त्यानं काढलेली चित्रं आजही इंजिनिअर लोक बघत बसतात.

आपल्याकडंही याचा धागा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवतेय, आणि पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये हातानं आरसा घासून दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, महाराष्ट्रातल्या शाळांतले शिक्षक आणि विद्यार्थी त्यात घासून गेलेत. त्यांना विचारा, तपासणी तीच, ब्लेड आणि दिव्याची, फक्त दिवा आता एलईडीचा.

दुसरं उदाहरण याच्याच उलट बाजूचं आहे. दोन चकत्या घासल्या की एक खोलगट एक फुगीर होते, आरशाला ते चांगलं, पण मला सपाट पृष्ठभाग पाहिजे असेल तर? सरफेस प्लेट (सपाटपणा तपासायची एकदम सपाट प्लेट) विकत घेतली तर प्रश्न नाही, पण पहिली सरफेस प्लेट कशाला लावून तपासली असेल असा प्रश्न मला अॅप्रेंटिस असताना पडायचा आणि सुपरवायझर म्हणायचा काम कर. उत्तर जुन्या पुस्तकात मिळालं. दोन नाही, तीन प्लेटा घ्यायच्या. अ आणि ब एकमेकींवर निळा रंग लावून टेकवायच्या, जिथं उंच तिथं स्क्रेप करायचं, मग ब आणि क, मग क आणि अ, असं फिरत राहायचं. अ फुगीर आणि ब खोलगट असेल तर त्या एकमेकींना जुळतील, पण मग क ला दोघींशी एकाच वेळी जुळता येत नाही. तिघी एकमेकींना, कशाही फिरवून ठेवल्या तरी, सगळीकडं जुळल्या तर तिघीही सपाटच असल्या पाहिजेत, दुसरा मार्गच नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोच्या सभेत ही रीत मांडली, हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात त्यानं आधी काम केलेलं होतं. नुसत्या लोखंडाच्या तीन तुकड्यांतून आणि हातातल्या स्क्रेपरमधून सपाटपणा पैदा करता येतो, बाहेरून काहीही आणावं लागत नाही, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून अचूकता ही मोठ्या कंपनीची मालमत्ता आहे असं मला वाटेनासं झालं.

गुण्याचंही असंच. गुण्या काटकोनात आहे का हे बघायला दुसरा गुण्या लागत नाही, फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून तिथंच परत रेघ मारायची, दोन्ही रेघा एक झाल्या तर बरोबर, नाहीतर जी फट दिसते तिच्या निम्मी चूक. स्पिरिट लेव्हलचंही उलटवूनच. हे आपल्या सुतारांना माहीत असतं, पण गुण्याच्या पॅकेटवर आजपर्यंत मी छापलेलं बघितलेलं नाही.

लेथचं घ्या. अमेरिकेतल्या साऊथ बेंड लेथ कंपनीनं लेथ चालवायचं एक छोटं पुस्तक काढलं होतं, त्याच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या, मुखपृष्ठावर किंमत २५ सेंट. कंपनीनं लेथ विकायलाच काढलेलं, पण लिहिलंय असं की दुसऱ्या कोणाच्या लेथवरसुद्धा चालेल. त्या काळच्या लेथच्या पुस्तकांत बेड (लेथचा खालचा लांब पाया) पिळलाय का हे बघायची एक चाचणी असते. चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) एक जाड बार धरायचा, टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, लावायचा नाही, मधला भाग कापून बारीक करायचा आणि चार-पाच इंचांच्या अंतरावर दोन जाड कडी, म्हणजे कॉलर, ठेवायच्या. मग क्रॉस स्लाइडला (टूल आतबाहेर सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता एकाच बारीक कटमध्ये दोन्ही कॉलर टर्न करायच्या आणि व्यास ताडून बघायचे. फरक आला तर पायाखाली पातळ पत्रा घालायचा, परत कट घ्यायचा. आजकाल घरी चायनीज मिनी लेथ आणणारे भरपूर लोक आहेत, लेथ येतो, टेबलावर बोल्ट होतो, आणि मग जॉब टेपर (एका टोकाला बारीक) येतोय म्हणून मशीनला शिव्या. मशीन बऱ्याचदा ठीक असतं, टेबल पिळलेलं असतं. एका तरुण मुलाला मी त्या जुन्या पुस्तकातली ती दोन पानं फोटो काढून पाठवली, त्यानं दुपारी केलं आणि संध्याकाळी टेपर गेला.

मशीनच नसेल तर काय, याचंही उत्तर जुन्या पुस्तकांनी दिलंय आणि त्यात सगळ्यात पुढं डेव्ह गिंगरी. हे तसं फार जुनं नाही, १९८० पासूनचं. मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा हा माणूस (आधीचं स्प्रिंगफील्ड वेगळं, अमेरिकेत या नावाची गावं पुष्कळ), त्यानं भंगारातून सगळं मेटल वर्कशॉप उभं करायची सात पुस्तकांची मालिका लिहिली. पहिल्या पुस्तकात बादलीत कोळशाची भट्टी. दुसऱ्यात त्या भट्टीत अॅल्युमिनियम ओतून लेथ. मग त्या लेथवर शेपर, मग मिलिंग मशीन, ड्रिल प्रेस, डिव्हायडिंग हेड, पत्रा वाकवायचा ब्रेक. सात इंच स्विंग (सात इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरतो) आणि बारा इंच सेंटरमधलं अंतर असा तो लेथ आहे, खेळणं नाही. आणि त्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हेडस्टॉकचं (जॉब फिरवणाऱ्या भागाचं) भोक त्याच अर्धवट लेथच्या बेडवर बोअर करून घ्यायचं, म्हणजे ते बेडशी सरळ रेषेत आहे का हा प्रश्नच संपला, बेडनंच ते ठरवलं. इलिनॉयमधल्या ब्रॅडली गावातल्या लिंडसे पब्लिकेशन्सनं ही पुस्तकं घरोघरी पोचवली, त्यांचा कॅटलॉग म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या वर्कशॉप पुस्तकांच्या रिप्रिंटची खाण होती. ती संस्था काही वर्षांपूर्वी बंद झाली. गिंगरी २००४ मध्ये गेले, पण त्यांची पुस्तकं त्यांच्या मुलाच्या प्रकाशनाकडून अजून मिळतात, त्यामुळं ती पीडीएफ फिरवू नका, विकत घ्या.

गिंगरीची भट्टी आपल्याकडं करायला काही अडत नाही. फायर क्ले मिळते, बेंटोनाइट कच्छचं येतं, आणि कोल्हापुरात तर ओतकामाला लागणारं काहीही उद्यमनगरात एका चकरेत मिळतं. धातू म्हणाल तर खिडक्यांचे सेक्शन वितळवू नका, गॅरेजमधून जुने पिस्टन आणा, पिस्टनच्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन असतं, ते साच्यात छान धावतं. आणि इथंही तपासणी हातानंच. वाळूत पाणी बरोबर पडलंय का, तर मूठभर घ्या, दाबा, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, मग तो गोळा मधोमध मोडा, कडा धारदार तुटली पाहिजे, भुगा पडला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. हे इंग्रजी पुस्तकात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फाऊंड्रीत एका मोल्डरला करताना बघितलं, त्यानं ते पुस्तक कधी बघितलेलं नाही.

पोलादाला पाणी द्यायचंही असंच. थर्मामीटर नाही, तर काय? कार्बन स्टीलचा तुकडा लाल होत जातो तसा साधारण ७७० अंशांना चुंबक त्याला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं पुढं नेऊन विझवायचं. मग कानस फिरवून बघायची, घसरली तर कडक झालंय. मग पृष्ठभाग घासून चकचकीत करून हळू तापवायचा आणि रंग बघायचे, २२०-२३० अंशांना गवती पिवळा, २५५ ला तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. स्क्रेपरला पिवळा, छिन्नीला जांभळा, स्प्रिंगला निळा. आपल्याकडच्या लोहाराला हे डोळ्यानं कळतं, पण त्याच्या डोळ्याचं पुस्तक झालेलं नाही, आणि इंग्रजीत मात्र प्रत्येक जुन्या वर्कशॉप पुस्तकात हा तक्ता आहे.

व्हिडिओ वाईट असं मी म्हणत नाही. स्क्रेपर हातात कसा धरायचा, चॅटर आलेल्या (कापताना थरथरणाऱ्या) टूलचा आवाज कसा येतो, वितळलेल्या धातूचा रंग, हे व्हिडिओत जेवढं कळतं तेवढं पानावर कधीच कळणार नाही आणि मीही बघतो. पण व्हिडिओत जो भाग कंटाळवाणा तो कापतात, आणि तपासणी हा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो, दोन तास घासा, बघा, परत घासा. तो कापला की बघणाऱ्याला वाटतं हे असंच एका दमात झालं. पुस्तकाला तसं करता येत नाही, त्याला लिहावंच लागतं की आता इथं थांबा आणि बघा. शिवाय हात तेलानं भरलेले असताना बेंचवर उघडं पडलेलं पान, त्यावरचं माप, शेजारचा तक्ता, हे कामाच्या जागी फार सोयीचं असतं. मशिनरीज हँडबुक १९१४ पासून निघतंय आणि टूलमेकरच्या पेटीत मावावं म्हणून छोट्या आकाराचं निघतंय, ते उगाच नाही.

आणि चित्रं. फोटोत तेल, सावल्या, मागची भिंत सगळं येतं आणि जे बघायचंय तेच हरवतं. जुन्या पुस्तकातल्या रेखाचित्रात चित्रकारानं ठरवलेलं असतं की काय दाखवायचं, म्हणून मशीन अर्धं कापून आतला गिअर कुठं बसतो ते दिसतं. हे लिहिणारे लोक बहुतेक स्वतः काम करणारे होते आणि वाचकाशी बोलल्यासारखं लिहायचे. लंडनला पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये मॉडेल इंजिनिअर नावाचं नियतकालिक काढलं. त्यात १९२४ पासून एल.बी.एस.सी. या टोपणनावानं एक गृहस्थ लिहायचे, कोळशावर चालणारी, माणसाला ओढून नेणारी छोटी रेल्वे इंजिनं घरी कशी करायची, हप्त्याहप्त्यानं. लोक कारखान्यातून, ऑफिसमधून घरी येऊन त्या अंकाची वाट बघायचे आणि तेवढा भाग बनवायचे. भाषा एकदम गप्पांची, पण बॉयलर तयार झाला की आधी पाण्याचा दाब देऊन तपासा मगच आग लावा. वाफेऐवजी पाणी का, तर पाणी दाबलं जात नाही, शिवण उघडली तर नुसती पिचकारी उडते, वाफ असती तर बॉम्ब झाला असता.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर कोणीतरी पोरगं जुनं पुस्तक वाचून आजारी पडायचं. त्या काळात ज्या गोष्टी बिनधास्त वापरायचे त्यातल्या काही आज आपल्याला विषारी म्हणून माहीत आहेत. भट्टीला अॅस्बेस्टॉस गुंडाळा असं लिहिलेलं असेल तर सिरॅमिक ब्लँकेट वापरा आणि तेही मास्क लावून. तेल काढायला कार्बन टेट्राक्लोराइड लिहिलेलं असतं, ते अजिबात नको, लिव्हर जातं. शिसं स्वयंपाकघरात वितळवायला, पारा हातात घ्यायला लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा सांगितलेलं आहे, ते सोडून द्या. पितळ ओतताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, उघड्यावर करा. आणि ओल्या काँक्रीटवर किंवा ओल्या मुशीत वितळलेला धातू पडू देऊ नका, पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर येतो. मापंही बघून घ्या, जुनं इंग्रजी पुस्तक म्हणजे इंच आणि व्हिटवर्थ आटे, त्यांचा कोन ५५ अंशांचा, आपले आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे, बोल्ट जबरदस्तीनं बसतो आणि दोन्हीकडचे आटे मारतो. आमच्या पिढीला सूत आणि इंच अजून पाठ आहेत, पुढच्या पिढीला तक्ता लागेल.

आता मुद्द्यावर येतो. महाराष्ट्रातली शंभर वर्षांची वाचनालयं, जुनी आयटीआय, पॉलिटेक्निक, काही बंद पडलेल्या कंपन्यांच्या लायब्रऱ्या, यांच्याकडं असली पुस्तकं आहेत. इंग्रजी पुस्तकांपैकी बरीच इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात, अमेरिकेत १९३० च्या आधी छापलेलं तिकडं कॉपीराइटमधून मोकळं झालेलं आहे, त्यामुळं ती एक प्रत गेली तरी जगातून जात नाहीत. माझी खरी काळजी मराठीची आहे. नागपूरच्या उद्यम मासिकाचे जुने अंक, किर्लोस्कर मासिकाचे बांधीव खंड, आयटीआयच्या मास्तरांनी स्वतः लिहून स्थानिक छापखान्यात छापून घेतलेली फिटर-टर्नरची पुस्तकं, लोहारकाम-सुतारकामाच्या पातळ पुस्तिका. यांच्या प्रती मुळात थोड्या, त्यातल्या बऱ्याच स्कॅन झालेल्या नाहीत, आणि त्यात आपल्या बाजारात मिळणाऱ्या मालावर, आपल्या शब्दांत लिहिलेलं आहे. आटे, कानस, मूस, बीड, पाणी देणं असे शब्द वापरून लिहिलेलं पुस्तक दहावी नापास पण हात चांगला असलेल्या मुलाला जेवढं कामाला येईल तेवढं इंग्रजी पुस्तक येणार नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मोकळं होतं, म्हणजे यातली काही आजच स्कॅन करून सगळ्यांना देता येतील, बाकीच्यांसाठी वारसांना विचारावं लागेल, आणि नातवंडं नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

त्यामुळं वाचनालयांच्या कार्यकारिणीला विनंती अशी की तांत्रिक विभागातलं पुस्तक काढण्याआधी ते कोणी शेवटचं कधी नेलं एवढंच बघू नका. ते दुसऱ्या कुठल्या वाचनालयात आहे का ते बघा, नसेल तर ठेवा, जागाच नसेल तर जवळच्या आयटीआयला किंवा इंजिनिअरिंग कॉलेजला विचारा, आणि मराठी असेल तर रद्दीवाल्याच्या आधी स्कॅनिंगवाल्याकडं न्या. एकेक पान मोबाइलनं काढलं तरी चालतं, उजेड दोन्ही बाजूंनी आणि पान सपाट असलं की झालं. तक्ते आणि घडी घातलेली ड्रॉइंग मात्र उघडून काढा, आणि त्यावर मापाची पट्टी ठेवा म्हणजे नंतर स्केल कळेल.

आणि ज्यांना ही पुस्तकं काढायचीच आहेत त्यांनी कृपया आपल्या पेपरात दोन ओळी छापाव्यात किंवा संपादकांकडं निरोप द्यावा. माझा पत्ता आणि फोन मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये पण विचारणाऱ्याला द्यायला हरकत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगावपर्यंत आम्ही काही जण स्वतः गाडी घेऊन येऊ, रद्दीचा जो भाव असेल तो देऊ, आणि स्कॅन केलेली प्रत त्याच वाचनालयाला परत पाठवू. रविवारी आलो तर बरं, बाकीच्या दिवशी आमच्यातल्या निम्म्यांना अजून ड्यूटी असते.

आपला एक वाचक,
कोल्हापूर